नऊ मिनिटांत लग्न

मुकेशचा फोन आला तेव्हा धर्मेंद्र मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होता. आत लॅपटॉपवर वडनेरच्या एका लग्नाची जोडलेली फिल्म एक्स्पोर्टला लागली होती आणि ती तयार व्हायला अजून दोन तास होते. लग्न एक्स्पोर्टला लावायचं आणि धुणं काढायचं, हा त्याचा नेमच पडून गेला होता.

"धर्मू, आलं बरं ते मॉडेल," मुकेश म्हणाला.

"कोणतं?"

"अबे, मागच्या साली आपण पाह्यलं होतं नं, तेच. नाव तेच, डब्बा तोच, पण आतलं सगळं नवं. आता काऊन थांबून राह्यला? तुळशीचं लग्न झालं का चौदा लग्नं हायेत माह्याकडे. सगळे फोर-के मागून राह्यले. तुह्या म्हाताऱ्या लॅपटॉपच्यानं होणार हाय का ते?"

"पाहतो."

"पाहतो नाई, घे. किती टाइम वाचंन तुहा, इचार कर!"

धर्मेंद्रने फोन खिशात टाकला आणि उरलेला टॉवेल पिळला. वाचलेल्या वेळाचं करायचं काय, हे मुकेशला विचारण्यात अर्थ नव्हता. मुकेशचा वर्ध्यात फोटोचा धंदा. घरी बायको, दोन मुली, म्हातारे आईवडील आणि जेवायला कायम एखादा पाहुणा. त्या माणसाला वेळ कधी पुरलाच नव्हता.

धर्मेंद्रचं तसं नव्हतं. हिंगणघाटला बाजाराच्या मागच्या गल्लीत त्याचं घर. पुढच्या खोलीत त्याचे वडील नानाजी किराणा दुकान चालवायचे. ते गेले आणि दुकानही गेलं, शटर तेवढं राहिलं. धाकटा भाऊ निकेश नागपूरला नोकरीला लागला, त्याचं सपनाशी लग्न झालं, तो तिकडेच राहिला. धर्मेंद्र आणि आई शोभाबाई, दोघं इथे. आईने त्याच्यासाठी सात स्थळं पाहिली. प्रत्येक ठिकाणी पोहे चांगले होते आणि प्रत्येक ठिकाणी निरोप एकच आला, की मुलगा चांगला आहे, पण पोरगी नोकरीवाला मागते. दोन वर्षांपूर्वी आईही गेली. आता धर्मेंद्र एकोणचाळीस वर्षांचा होता आणि दुसऱ्यांच्या लग्नाच्या फिल्मा जोडत होता.

काम त्याला आवडायचं. चार-पाच फोटोग्राफर त्याला शूटिंग आणून देत, तो आठ-आठ तासांचं लग्न कापूनकुपून चाळीस मिनिटांवर आणी. नवरीचा मामा कोण, रुसलेला काका कोण, कोणत्या आत्याला पुढे बसवलं नाही, हे त्याला दोन दिवसांत कळून जायचं. आई होती तेव्हा ती मागे पाटावर बसून वाती वळता वळता पडद्याकडे पाहायची. "ह्या पोरीची सासू खट दिसते रे," म्हणायची. किंवा, "त्या बाईचं पातळ पाहाय, आपल्या जयवंतामावशीचं होतं नं तसंच." आता पडद्यावर कोणी कसंही दिसलं तरी खोलीत कोणी काही म्हणत नसे. दिवसदिवस त्याच्या कानावर सनई, मंगलाष्टकं आणि हसणं असायचं आणि हेडफोन काढला की नळाचं टपटप ऐकू यायचं.

लॅपटॉप सात वर्षांचा होता. त्याच्या खाली हवा जावी म्हणून दोन बाटल्यांची झाकणं ठेवलेली. बॅटरी फुगलेली, वायर काढली की मेलाच. चाळीस मिनिटांची फिल्म बाहेर काढायला तो साडेतीन तास घ्यायचा आणि तेवढा वेळ त्याचा पंखा कापसाच्या जिनिंगसारखा घरघरायचा. पण त्या साडेतीन तासांत धर्मेंद्रचा दिवस बसलेला होता. तेवढ्यात धुणं व्हायचं, वरणभाताचा कुकर व्हायचा, बाजारातून भाजी यायची. मध्येमध्ये येऊन तो टक्केवारी पाहायचा. छत्तीस टक्के. एकावन्न टक्के. घरात काहीतरी चालू आहे असं वाटायचं.

त्या आठवड्यात त्याने नव्या मॉडेलची माहिती काढायला सुरुवात केली. मोबाइलवर एकापाठोपाठ एक व्हिडिओ पाहिले. एक जण म्हणत होता, मागच्या वर्षीचंच घ्या, स्वस्त पडेल, फरक काही नाही. दुसरा म्हणत होता, फरक आतल्या चिपमध्ये आहे, एडिटिंगवाल्यांनी डोळे मिटून नवंच घ्यावं. तिसऱ्याचं म्हणणं, सहा महिने थांबा, ह्याहून चांगलं येतंय. तिघंही अगदी घरच्यासारखं बोलत. धर्मेंद्र त्यांना जेवताना लावून ठेवू लागला.

शेवटी एका बुधवारी तो बस धरून वर्ध्याला गेला. मेन रोडवरच्या दुकानात अंकिता नावाची मुलगी लॅपटॉप दाखवायला होती. बोलायला चटपटीत, कामात वाकबगार. फोटोवाले येतात म्हणून दुकानाने डेमोच्या मशीनवर एडिटिंगचं सॉफ्टवेअर टाकून ठेवलं होतं. धर्मेंद्रने हार्ड डिस्कवर तेच वडनेरचं लग्न आणलं होतं.

शेजारी आर्वीकडचं एक कुटुंब उभं होतं. त्यांच्या मुलीला सावंगीला फिजिओथेरपीला प्रवेश मिळाला होता, तिच्यासाठी लॅपटॉप घ्यायला आई, वडील, काका, काकू आणि एक आजोबा असे सगळे आले होते. आजोबा झाकण वाजवून पाहत होते. काकूंना निळा रंग हवा होता. मुलगी लाजून म्हणत होती, "काकू, निळा येतच नाई त्याच्यात!"

"दादा, तुमच्यासंग कोणी नाई आलं पाह्याले?" अंकिताने सहज विचारलं.

"नाई. मीच पाहतो," धर्मेंद्र म्हणाला.

त्याने लग्न उघडलं. रंग असे उठून दिसले की त्याला क्षणभर ते आपलंच काम वाटेना. एक्स्पोर्टचं बटण दाबलं आणि बसायला स्टूल मिळेल का म्हणून तो इकडेतिकडे पाहू लागला. तेवढ्यात टक्केवारी वीसवर गेली होती. आर्वीच्या काकूंचं निळ्यावरून काळ्यावर यायचं व्हायचंच होतं, इकडे मशीनने टिंग केलं.

"झालं, दादा. नऊ मिनिटं," अंकिता म्हणाली. "काऊन, खुश नाई झाले?"

"झालो नं."

त्याने हार्ड डिस्क काढून घेतली. तो म्हणाला, "इचार करून सांगतो."

"सांगजा. पण जुना देऊन नवा घ्यायची स्कीम रविवारपर्यंतच हाय. जुना घेऊन या, रिकामा करून आणजा फक्त."

परतीच्या बसमध्ये त्याला खिडकी मिळाली. रस्त्याच्या कडेने कापसाचे टेम्पो जिनिंगकडे चालले होते. घ्यायला पैसे नव्हते असं नाही. एकट्या माणसाला लागतं किती? घेतला नाही तर मुकेशचं काम हळूहळू दुसऱ्याकडे जाणार, हेही त्याला कळत होतं. मग अडतंय कुठे, हे तो स्वतःला विचारत होता. उत्तर येत होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. माणूस नव्या मशीनला भितो, ते येत नाही म्हणून. त्याला ते येत होतं. त्याला भीती होती सकाळी साडेअकराला काम संपण्याची.

शुक्रवारी तरी त्याने मन घट्ट केलं आणि जुना रिकामा करायला बसला. म्हाताऱ्याच्या पोटात दोनशेच्या वर लग्नं होती. ज्यांच्या फिल्मा देऊन झाल्या त्यांचं कच्चं शूटिंग ठेवायचं नसतं, पण त्याच्याने पुसवत नसे. आता तो एकेका वर्षाचं फोल्डर निवडून पुसू लागला. पहिल्या वर्षाची लग्नं पुसून झाली आणि दुसऱ्याला हात घालणार, तेवढ्यात शटरवर थाप पडली.

बाहेर तिशीतली एक बाई उभी होती. हातात कापडी पिशवी, चेहरा ओळखीचा. तिने त्याला पहिल्यांदाच पाहिलं होतं, पण त्याने तिला पुष्कळदा पाहिलं होतं. हळद लागताना, हसताना, गौरीहरापुढे पेंगताना.

"तुम्हीच धर्मेंद्रभाऊ का? मी दीपमाला. मुकेशभाऊनं पत्ता देल्ला. माह्या लग्नाची शूटिंग तुमच्याकडे होती म्हणते."

"हो. लॉकडाऊनच्या आदल्या वर्षी. कानगावचं लग्न. सेलूले देल्लं तुम्हाले."

ती दचकली. "तुम्हाले कसं आठवते?"

"कामच हाय माहं. या, बसा."

तिने उंबऱ्यातच सांगून टाकलं. पोळ्याच्या चार दिवस आधी तिचे वडील, नत्थूजी, गेले. शेतातून आले, पाणी मागितलं आणि गेले. घरी त्यांचे फोटो होते ते सगळे आधार कार्डासारखे ताठ. लग्नाचा पेन ड्राइव्ह होता, तो मुलाने कुठे हरवला कोणास ठाऊक. तिला लग्न नको होतं. त्यात बाबा जिथे जिथे असतील तेवढंच हवं होतं.

धर्मेंद्रने लॅपटॉपकडे पाहिलं. तिचं वर्ष अजून पुसलं गेलं नव्हतं. त्याने ते तिला सांगितलं नाही.

"टाइम लागंन, ताई. मशीन जुनी हाय."

"लागू द्या. मी संध्याकाळपर्यंत मोकळी हाय. भाऊ घ्याले येणार हाय मले."

त्याने दुसरी खुर्ची आणली. तिच्यावर धुतलेल्या कपड्यांची चळत होती, ती उचलून पलंगावर टाकली. मग दोघं बसले आणि नत्थूजींना शोधू लागले. शूटिंग दोन कॅमेऱ्यांचं, दहा-अकरा तासांचं. मध्येच लॅपटॉप अडायचा, पडदा गोठायचा आणि तेवढ्यात दीपमाला बोलायची. हे पाहा, बाबांच्या खिशाला पेन आहे ना, त्यांना लिहिता येत नव्हतं, पण लग्नाला पेन पाहिजे म्हणाले. ही आत्या, आता बोलत नाही आमच्याशी. हा बैल विकला. धर्मेंद्रने चहा केला. साखर जास्त झाली. तिने तसाच पिऊन टाकला.

तीन वाजेपर्यंत पंचवीसेक तुकडे मिळाले. नत्थूजी पाहुण्यांना टोपी-दुपट्टा देताना, आचाऱ्यावर ओरडताना, जावयाचे पाय धुताना. आणि धर्मेंद्र मनात एकच मोजत होता, की आता बिदाई येणार. बिदाईच्या वेळचा एक तुकडा त्याला पक्का आठवत होता. त्या वेळी त्याने तो फिल्ममध्ये घेतला नव्हता.

दुसऱ्या कॅमेऱ्याचा माणूस मंडपामागे गेला होता. तिथे जनरेटरच्या आडोशाला नत्थूजी उभे होते, लोखंडाला कपाळ टेकून. खांदे हलत होते. कॅमेरा दिसल्यावर त्यांनी हात आडवा केला आणि म्हटलं, हे घेऊ नको.

आई तेव्हा मागे बसली होती. तिने वाती खाली ठेवल्या होत्या. "त्यानं नोको म्हटलं नं," ती म्हणाली होती, "मंग नोको." धर्मेंद्रने तो काढून टाकला होता.

आता तो माणूस राहिला नव्हता आणि त्याने नको म्हटलेली गोष्ट इथे पडून होती. दाखवावी की नाही? त्याने माउस तसाच धरून ठेवला. सांगितलं नाही तर तिला कधी कळणारही नव्हतं.

"काय झालं, भाऊ? अडकलं का पुन्हा?"

"नाई," तो म्हणाला. "ताई, एक तुकडा हाय. तुमच्या फिल्ममधी नाई टाकला मी. तुमच्या बाबांनीच नोको म्हटलं होतं. तुमच्यासाठीच नोको म्हटलं होतं. तुम्ही म्हणान तर लावतो."

दीपमालाने पदर सावरला. "तवा नोको म्हटलं असंन," ती म्हणाली. "आता लावा."

त्याने लावला. जनरेटरचा आवाज खोलीभर झाला. नत्थूजी वळले, डोळे लाल, हात कॅमेऱ्यापुढे. "हे नोको घेऊ, बापा. पोरगी पाह्यन तं तिले सासरी करमणार नाई." मग त्यांनी दुपट्ट्याने तोंड पुसलं, घसा खाकरला आणि मंडपाकडे जात ओरडले, "अरे, बुंदी फिरवा तिकडे! पाहुणे तसेच बसून हायेत!"

तुकडा संपला.

"बिदाईच्या वक्ताले ते आलेच नाई समोर," ती मग म्हणाली. "सगळे आले. गाडी निघाली तरी आले नाई. मले वाटलं, त्याईले बुंदीचं पडलं हाय. सहा वर्सं माह्या मनात होतं ते. कधी म्हटलं नाई, पण होतं."

धर्मेंद्रची आई असती तर तिने दीपमालाचा हात धरला असता. तो उठला आणि पाण्याचा गिलास आणून तिच्यापुढे ठेवला.

"पुन्हा लावा," ती म्हणाली.

त्याने चारदा लावला. मग सगळे तुकडे जोडले आणि एक्स्पोर्टला टाकले. तासभर लागला. त्या तासात तिने डोळे पुसले, पिशवीतून शेंगदाण्याचे लाडू काढले, आईची प्रकृती, मुलाची शाळा, असं सांगत बसली. टक्केवारी सरकत होती आणि धर्मेंद्रला वाटत होतं, सावकाश सरकली तरी चालेल.

पाचला तिचा भाऊ मोटारसायकल घेऊन आला. पेन ड्राइव्ह तिने पदराच्या टोकाला बांधला.

"घरी कोण कोण असते, भाऊ?" तिने जाताना विचारलं.

"मीच असतो."

"या कधी सेलूले. खरंच या."

"येतो नं," तो म्हणाला. आपण जाणार नाही हे त्याला ठाऊक होतं, कदाचित तिलाही. मोटारसायकल गल्लीच्या वळणावर गेली. त्याने शटर ओढलं आणि दोन कप घासायला घेतले.

रविवारी तो पुन्हा वर्ध्याला गेला आणि नवा लॅपटॉप घेतला. जुना मात्र दिला नाही.

"नुकसान हाय, दादा," अंकिता म्हणाली. "डेटा पाह्यजे तं हार्ड डिस्कमधी कॉपी करून घ्या, होऊन जाते."

ते खरंच होतं. "राहू दे," एवढंच तो म्हणाला. दुकानाच्या रिवाजाप्रमाणे तिने खोक्यासोबत त्याचा फोटो काढायला मोबाइल उचलला. आयुष्यभर इतरांचे चांगले क्षण निवडणाऱ्या धर्मेंद्रला स्वतःचे हात कुठे ठेवावे हे सुचलं नाही. त्याने खोकं छातीशी धरलं.

तुळशीचं लग्न झालं आणि मुकेशचं पहिलं काम आलं. दोन दिवसांत कापून झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला त्याने एक्स्पोर्ट लावलं, सवयीने बादलीत कपडे भिजवले, साबण शोधून परत आला तर फिल्म तयार होती. पंखा वाजतही नव्हता. कपडे धुतले, कुकर लावला, जेवला. घड्याळात बारा वाजले होते.

तो घराबाहेर पडला. बाजारातून चालत चालत वेणा नदीच्या पुलापर्यंत गेला. हायवेवरून हैदराबादकडचे ट्रक जात होते. पाणी कमी झालं होतं, खडकावर एक बगळा उभा होता. धर्मेंद्रने निकेशला फोन लावला.

"हां दादा, बोल. काही काम होतं का?"

"नाई, असंच. नवा लॅपटॉप घेतला."

"अरे वा! मस्त केलं. मी जरा मीटिंगमधी हाय, संध्याकाळी लावतो." मागे कोणीतरी त्याला हाक मारत होतं. फोन बंद झाला. संध्याकाळी तो लावील, किंवा विसरेल. वाईट मुलगा नव्हता.

धर्मेंद्र कठड्यापाशी थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग त्याने मुकेशला फोन लावला.

"मुकेशभाऊ, फिल्म पाठवली."

"झाली पण? वा रे पठ्ठे! म्हटलं होतं नं, टाइम वाचते म्हणून!"

"हो. मी काय म्हणतो..." त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. "शूटिंगले तुम्हाले माणूस कमी पडते का कधी? दुसऱ्या कॅमेऱ्यासाठी?"

"तू? तू तं कुठं जातच नाईस."

"येतो म्हणतो."

"ये नं मंग! गुरुवारी देवळीले हाय. सकाळी आठले वर्ध्याच्या स्टँडवर येजो. इस्त्रीचा शर्ट घालून येजो फक्त."

देवळीच्या लग्नात तो दिवसभर उभा होता. दोनशे लग्नं तोंडपाठ असलेल्या माणसाला हे माहीत नव्हतं की मंडपात एवढं गरम होतं, अत्तराचा आणि मठ्ठ्याचा वास एकत्र येतो आणि कॅमेरा हातात असला की लोक तुमच्याकडे पाहतात पण तुम्हाला पाहत नाहीत. पाय दुखले. सगळ्यांची जेवणं झाल्यावर मुकेशच्या माणसांबरोबर तो कोपऱ्यात जेवला. बोलण्यासारखं त्याला फार काही सुचलं नाही आणि त्यांनीही फार विचारलं नाही. परतीच्या गाडीत तो मुकेशच्या खांद्यावर झोपला, मुकेशने हलवलं नाही.

शनिवारी तेच लग्न त्याच्या टेबलावर आलं. त्याने हेडफोन चढवला. नवरीच्या आजीचा एक शॉट त्याने स्वतः घेतलेला होता, थोडा हललेला. आजी सुपारी कातरता कातरता कॅमेऱ्याकडे पाहते आणि म्हणते, "तू जेवला का रे, बापा?" आणि कॅमेऱ्यामागून एक पुरुषी आवाज येतो, जरासा घोगरा, "जेवतो नं आजी. तुमचं होऊ द्या."

तो आवाज कोणाचा हे कळायला धर्मेंद्रला थोडा वेळ लागला. त्याने तुकडा मागे नेऊन पुन्हा ऐकला. मग, धंद्याचा नियम म्हणून, आवाज बंद केला आणि त्यावर सनई टाकली. आजीचा चेहरा मात्र पूर्ण ठेवला, बोलत असलेला.

एक्स्पोर्ट नऊ मिनिटांत झालं. त्याने फिल्म मुकेशला पाठवली, लॅपटॉप मिटला आणि एका माणसाचे तांदूळ धुवायला घेतले.